कोकणच्या पावसात टिकणारे लाकडी खुराडे आणि त्याला जोडलेले जाळीचे अंगण

कोकणात परसदारी कोंबड्या पाळण्याची रीत घराघरांत आहे. कोंबडीला काय खायला घालावे, खुडुक कोंबडीला अंड्यांवर कधी बसवावे, हे घरच्या जाणत्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. कोंबड्या हातच्या जातात त्या बहुधा निवाऱ्यामुळे. पडवीच्या कोपऱ्यात उलटी घातलेली टोपली किंवा घाईत ठोकलेली पेटी मुंगसाला, कांडेचोराला (उदमांजराला) आणि धामणीला अडवू शकत नाही, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली ओल तिच्यात साचून राहते. म्हणून पुढील खुराड्याची आखणी शिकारी प्राणी आणि ओल या दोहोंना समोर ठेवून केली आहे. प्रत्येक माप त्यांच्यापैकी एकासाठी तरी ठरवलेले आहे, त्यामुळे मापात बदल करायचा असल्यास त्यामागचे कारण आधी पाहून घ्यावे.

ही आखणी दहा कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्यासाठी आहे. खुराडे ६ फूट गुणिले ४ फूट, म्हणजे २४ चौरस फुटांचे असून दर पक्ष्याला दोन चौरस फुटांहून थोडी अधिक जागा मिळते. रात्रीच्या मुक्कामाला आणि पावसाच्या झडीतल्या एखाद्या दिवसाला ती पुरते. अंगण १६ फूट लांब आणि ६ फूट रुंद आहे. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच असल्याने त्याखालची २४ चौरस फूट जागाही अंगणातच मिळते आणि एकूण १२० चौरस फूट होतात. कोंबड्या वाढवायच्या असतील, तर खुराड्याआधी अंगण वाढवावे, कारण दाटीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात आणि एकदा रक्त दिसले की ते थांबवणे कठीण जाते.

जागा आणि दिशा

जागा उंचवट्याची असावी. घराच्या पागोळ्या जिथे पडतात ती पट्टी आणि पावसात परसातून पाणी वाहते ती वाट टाळावी. माडाखाली खुराडे बांधू नये, कारण वरून पडलेला नारळ किंवा वाळलेली झाप पत्र्याला भोक पाडते. फणसाखालची जागाही त्याच कारणाने वर्ज्य समजावी. विहिरीपासून दूर पण घराच्या हाकेच्या अंतरावर खुराडे असावे, म्हणजे रात्री कोंबड्यांनी कलकलाट केला तर झोपेतही ऐकू येतो.

संपूर्ण बांधकामाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. पश्चिम टोकाला खुराडे आणि तिथून पूर्वेकडे अंगण, अशी मांडणी केली की खुराड्याची पश्चिमेची बंद भिंत दुपारनंतरचे ऊन अडवते आणि नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा मारा दक्षिण व पश्चिम या दोन बंद भिंतींवर अडतो. उत्तर आणि पूर्व बाजू हवेसाठी मोकळ्या ठेवता येतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा दिशा चुकली तर नंतर कितीही ताडपत्र्या लावल्या तरी आत अंथरलेला भुसा कोरडा राहत नाही.

काम डिसेंबर ते एप्रिल या काळात करावे. लाकूड वाळलेले मिळते, काँक्रीटवर पाणी मारायला सवड मिळते आणि मृग लागण्याच्या आत छपराची एक-दोन वळवाच्या सरींत परीक्षा होते.

लाकूड आणि इतर सामान

सागवान लावण्याची गरज नाही. ऐन आणि किंजळ ही लाकडे खांबांसाठी उत्तम आहेत. फणसाचा पिवळा गाभाही वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही, मात्र त्याच्या बाहेरचे पांढरे लाकूड तासून काढावे लागते. आंब्याच्या फळ्या स्वस्त पडतात, पण त्यांना किडा लवकर लागतो, म्हणून त्या खोक्यांपुरत्या वापराव्यात. जुने घर उतरवताना निघालेले वासे आणि रिपा मिळाल्या तर त्यांच्यासारखे लाकूड नाही. ते पुरेपूर वाळलेले असते आणि पुढे पिळवटत नाही. फक्त त्यातले जुने खिळे एकूणएक उपटून घ्यावेत, नाहीतर करवतीचे दात जातात.

खुराड्यासाठी तीन इंची चौरस खांब चार लागतात. त्यांपैकी पूर्वेचे दोन सात फुटी आणि पश्चिमेचे दोन साडेपाच फुटी असावेत. अंगणासाठी अडीच इंची चौरस खांब आठ लागतात. त्यांतले सात सहा फुटी आणि एक पावणेसात फुटी घ्यावा, त्याचे कारण छपराच्या भागात आले आहे. आडव्या पट्ट्यांसाठी दोन इंची चौरस बत्ते, भिंती आणि जमिनीसाठी पाऊण इंची फळ्या, आणि जाळीवर मारायला एक इंच रुंदीच्या पट्ट्या घ्याव्यात. खुराड्याच्या छपरासाठी सात फुटी पन्हळी पत्रे तीन लागतात. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे. लाकूड फुगते आणि आटते तसे खिळे वर येतात, स्क्रू येत नाहीत.

जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये. षटकोनी भोकांची पातळ तार असलेली जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा तिला दाताने ओढून फाडतो, उंदीर तिच्या भोकांतून ये-जा करतो आणि सापाला तर ती अडवतच नाही. वेल्डेड जाळीच घ्यावी. खुराड्याच्या सर्व उघड्या भागांना, अंगणाच्या खालच्या तीन फुटांना आणि जमिनीवर पसरायच्या पट्टीला अर्धा इंची भोकांची जाळी हवी. अंगणाच्या वरच्या भागाला आणि छताला एक इंची जाळी चालते. समुद्राजवळच्या गावांत खारी हवा जाळीचे सांधे आधी खाते, म्हणून वेल्डिंग झाल्यानंतर जस्ताचा मुलामा दिलेली जाळी मागून घ्यावी. ती महाग पडते, तरी तिची किंमत वसूल होते.

आखणी आणि पाया

चार खुंट्या आणि सुतळी घेऊन २० फूट गुणिले ६ फुटांचा आयत आखावा. आयत गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. ते एकमेकांइतके आणि सुमारे २० फूट साडेदहा इंच भरले पाहिजेत. इथे दोन इंचांचा फरक सोडून दिला, तर तो पुढे दार बसवताना आणि पत्रा लावताना पुन्हा समोर येतो.

खांब जमिनीत पुरू नयेत. लाकूड कितीही चांगले असले, तरी जिथे माती, हवा आणि पाणी एकत्र येतात तिथे ते कुजते आणि वाळवीला रस्ता मिळतो. प्रत्येक खांबासाठी दीड फूट खोल खड्डा घेऊन त्यात सिमेंट, वाळू आणि खडी १:२:४ या प्रमाणात भरावी आणि ते काँक्रीट जमिनीच्या सहा इंच वर आणावे. ओले असतानाच त्यात जाड लोखंडी पट्टी रोवावी, तिचा सहा-सात इंच भाग वर ठेवावा आणि त्यात नट-बोल्टसाठी दोन भोके आधीच पाडून घ्यावीत. सात दिवस पाणी मारल्यावर खांब या पट्टीला बोल्टने आवळावा, मात्र खांबाचा बूड आणि काँक्रीट यांच्यात अर्ध्या इंचाची फट ठेवावी. या फटीमुळे बुडाशी पाणी साचत नाही आणि वाळवीने मातीची वाट चढवलीच, तर ती डोळ्यांना दिसते व पायाने मोडता येते. सर्व ओट्यांची पातळी पाण्याच्या नळीने जुळवून घ्यावी.

खांब उभे करण्यापूर्वी त्यांच्या खालच्या दोन फुटांना काजूच्या टरफलाचे तेल दोन हात लावावे. कोकणात होड्यांच्या लाकडाला हे तेल लावण्याची जुनी पद्धत आहे. ते अंगाला लागले की कातडी भाजते, म्हणून जाड रबरी हातमोजे घालावेत, लांब दांड्याचा ब्रश वापरावा आणि मुलांना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नये. खुराड्याच्या आतल्या बाजूला हे तेल किंवा गाडीचे जळके ऑइल लावू नये, कारण कोंबड्या लाकडाला चोच मारतात. आतून चुन्याचा हात पुरेसा आहे.

खुराड्याचा सांगाडा आणि भिंती

चारही खांब ओळंब्यात उभे केले की दोन फूट उंचीवर चारी बाजूंनी बत्ते बोल्टने जोडावेत आणि मध्ये दीड-दीड फुटावर आडवे बत्ते टाकावेत. त्यांवर पाऊण इंची फळ्यांची जमीन ठोकावी. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवाव्यात, कारण फट राहिली की भुसा गळतो आणि उंदीर खालून कुरतडायला सुरुवात करतो. जमिनीच्या काठाने पाच इंच उंचीची फळी उभी मारली की दार उघडल्यावर भुसा बाहेर येत नाही.

दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती आडव्या फळ्यांनी बंद कराव्यात. सुरुवात खालून करावी आणि प्रत्येक वरची फळी खालच्या फळीवर इंचभर चढवावी, म्हणजे भिंतीवर आपटलेले पाणी बाहेरच्या बाहेर निथळते. पश्चिमेच्या भिंतीत वळचणीखाली सहा इंचांची पट्टी जाळीने उघडी ठेवावी. उत्तरेची भिंत खालून अडीच फूट फळ्यांची आणि वर जाळीची असावी. पूर्वेच्या भिंतीतही वरचा एक फूट जाळीचाच ठेवावा.

एवढी हवा पाहून अनेकांना पावसाळ्यात कोंबड्या गारठतील अशी भीती वाटते आणि ते सर्व बाजू बंद करून टाकतात. कोकणातल्या हवेत कोंबडी थंडीने क्वचितच मरते, पण कोंदटपणामुळे तिला सर्दी, डोळ्यांचे विकार आणि श्वासाचे आजार होतात. विष्ठेतून निघणारा अमोनिया जमिनीलगत साठतो, म्हणून माणसाच्या नाकाच्या उंचीवर वास आला नाही तरी कोंबडीच्या उंचीवर तो असू शकतो. पहाटे दार उघडून, खाली वाकून, डोके आत घालून पाहावे. डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे, असे निश्चित समजावे. झडीच्या दिवसांसाठी उत्तरेच्या जाळीला ताडपत्रीचा पडदा लावायचा असेल, तर तो खालून पक्का करून वर ओढण्याचा असावा. मग पडदा कितीही चढवला तरी वरची चार बोटे उघडी राहतात आणि ऊब आलेली ओलसर हवा तिथून निघून जाते.

पूर्वेच्या भिंतीतच दोन्ही दारे घ्यावीत. एका टोकाला कोंबड्यांसाठी १२ इंच रुंद आणि १४ इंच उंच भोक असावे, आणि दुसऱ्या टोकाला साफसफाईसाठी अडीच फूट रुंदीचे मोठे दार असावे. ही दोन्ही दारे अंगणाच्या आत उघडत असल्यामुळे रात्री येणाऱ्या प्राण्याला कोंबडीपर्यंत पोहोचायला अंगण आणि खुराडे अशा दोन कड्या ओलांडाव्या लागतात. लहान दाराची फळी दोन खोबणींतून वर-खाली सरकणारी करावी आणि तिची दोरी अंगणाबाहेर आणून खिळ्याला गुंडाळावी, म्हणजे भर पावसात चिखलात न शिरता दार लावता येते. खोबणीच्या तळाशी भुसा अडकून फळी बोटभर वर राहते आणि नेमक्या त्या फटीतून मुंगसाचे नाक आत शिरते, म्हणून खोबण खालून उघडी ठेवावी. भुसा गळून जातो आणि फळी उंबऱ्यावर टेकते. भोकापासून जमिनीपर्यंत चार फुटांची उतरती फळी लावून तिच्यावर सहा-सहा इंचांवर आडव्या पट्ट्या माराव्यात.

बसायच्या काठ्या आणि अंड्यांची खोकी

कोंबडी रात्री उंचावर बसते, ही तिची उपजत सवय आहे. दोन इंच जाडीच्या, कडा गोल केलेल्या लाकडी काठ्या खुराड्याच्या जमिनीपासून दोन फूट उंचीवर बसवाव्यात. पहिली काठी पश्चिमेच्या भिंतीपासून एक फुटावर आणि दुसरी तिच्यापुढे १४ इंचांवर असावी. दोन्ही एकाच उंचीवर ठेवाव्यात, नाहीतर वरच्या काठीसाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात. गिरिराजसारख्या जड जातीच्या कोंबड्या असतील, तर काठ्या सहा इंच खाली घ्याव्यात, कारण जड कोंबडी उंचावरून उडी मारताना तळपायाला इजा करून घेते. दर कोंबडीला आठ ते दहा इंच काठी लागते. पुढची काठी उत्तरेच्या भिंतीपासून फूटभर अलीकडे संपवली, तरी दोन्ही मिळून अकरा फूट होतात आणि अकरा पक्ष्यांना ते ऐसपैस पुरतात. काठ्या ठोकून पक्क्या करू नयेत. लाकडी खाचांत नुसत्या ठेवाव्यात, कारण बारीक लाल किडे काठीच्या टोकाशी, सांध्यात लपतात आणि काठी उचलता आली तरच ते साफ होतात.

अंड्यांची दोन खोकी उत्तरेच्या भिंतीला, पूर्वेच्या कोपऱ्याकडे, बाहेरून जोडावीत. प्रत्येक खोके आतून १२ इंच रुंद, १२ इंच खोल आणि १४ इंच उंच असावे. खोक्याचा तळ खुराड्याच्या जमिनीपासून एक फुटावर, म्हणजे काठ्यांहून पुष्कळ खाली असावा. खोकी काठ्यांपेक्षा उंच झाली की कोंबड्या त्यांतच झोपतात आणि सकाळची अंडी विष्ठेने माखलेली मिळतात. तोंडाशी चार इंचांची फळी उभी लावल्यास पेंढा आणि अंडी आतच राहतात. वरचे झाकण उतरते करून बिजागऱ्यांवर बसवावे, त्याच्या सांध्यावर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी ठोकावी आणि कडी-कोयंडा लावावा. जड झाकण असले तरी कडी हवीच, कारण कांडेचोर झाकण उचलतो.

छप्पर

पूर्वेची बाजू सात फूट आणि पश्चिमेची साडेपाच फूट असल्याने चार फुटांत दीड फुटांचा उतार मिळतो. पश्चिमेकडे दीड फूट, पूर्वेकडे एक फूट आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट छप्पर पुढे काढावे. सात फुटी पत्रा या उतारावर नेमका बसतो आणि दोन-दोन पन्हळींची चढण देऊन तीन पत्र्यांत रुंदी झाकते. पत्र्याचे स्क्रू रबरी वायसर घालून पन्हळीच्या उंचवट्यावर मारावेत. खोलगट भागात मारलेला स्क्रू पहिल्याच पावसात गळतो. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये पन्हळींमुळे राहणारी भोकेही अर्धा इंची जाळीने बुजवावीत, साप बहुधा तिथूनच शिरतो. मंगलोरी कौले घातली तर खुराडे थंड राहते, पण त्यांना याहून जास्त उतार लागतो आणि कौल सरकवून प्राणी आत येऊ नये म्हणून खाली जाळी पसरावी लागते. पत्र्याचा मार्च ते मेमधला ताप त्यावर झावळ्या अंथरून बराच कमी होतो. पावसाआधी त्या काढून टाकाव्यात.

अंगणाच्या खुराड्यालगतच्या पहिल्या चार फुटांवरही पत्रा असावा. खाद्याचे आणि पाण्याचे भांडे तिथेच ठेवायचे असते. याचा उतार दक्षिणेकडे, अंगणाबाहेर काढावा आणि त्यासाठी अंगणाचा उत्तरेकडचा पहिला खांब पावणेसात फुटी घ्यावा. उरलेल्या बारा फुटांवर एक इंची जाळी टाकावी. मासेमारीचे जुने जाळे घार आणि शिक्रा यांना अडवते आणि फुकटही मिळते, पण त्याची भोके मोठी असली तर कावळे आत उतरतात. महाराष्ट्रात २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला होता. रानपक्ष्यांनी आणि कावळ्यांनी कोंबड्यांच्या भांड्यात चोच घालू नये, या दृष्टीने जाळी हाच चांगला उपाय आहे.

अंगणाची जाळी

अंगणाचे खांब चार-चार फुटांवर येतात. त्यांना वर, खाली आणि तीन फूट उंचीवर बत्ते जोडून चौकट करावी. जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाने लावावी, म्हणजे कुत्र्याने धडक दिली तर जाळी लाकडावर दाबली जाते. आतून लावलेली जाळी त्याच धडकेने उखडते. यू-खिळ्यांवर विसंबू नये. जाळीच्या कडेवर पट्टी ठेवून दर सहा इंचांवर स्क्रू आवळावा. खुराड्याखालच्या मोकळ्या जागेच्या तिन्ही बाहेरच्या बाजूही अशाच बंद कराव्यात.

सर्वांत महत्त्वाची जागा जमिनीलगतची आहे. मुंगूस दिवसा फिरते आणि भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागते. जांभ्याच्या कातळात जाळी पुरण्यासाठी चर खणणे जिकिरीचे असते, म्हणून दीड फूट रुंदीची जाळी संपूर्ण बांधकामाभोवती बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरावी, उभ्या जाळीला दर चार इंचांवर तारेने विणून घ्यावी आणि तिच्यावर चिऱ्याचे तुकडे व माती टाकावी. भोवतीचा घेर ५२ फूट होतो, तेव्हा कोपरे भरण्यासकट किमान ५८ फूट पट्टी धरावी. उकरणाऱ्या प्राण्याला पंजाखाली जाळी लागते, आणि दीड फूट मागे सरून तिथून खणायला सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. एका पावसाळ्यात तिच्यातून गवत उगवते आणि ती जमिनीत बसून जाते.

अंगणाचे दार अडीच फूट रुंद करून सहा इंच उंच उंबऱ्यावर आत उघडणारे बसवावे. दाराला तिरका बत्ता मारताना त्याचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचे टोक कडीच्या बाजूला यावे. उलटा मारला तर दार वर्षभरात खाली झुकते आणि कडी कोयंड्यात बसेनाशी होते. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या लावाव्यात. एकाच कडीवर दाराचा दुसरा कोपरा ढकलला जातो आणि लवचिक शरीराच्या प्राण्याला तेवढी फट पुरते.

कोंबड्या आत सोडताना

चुन्याचा हात पूर्ण वाळल्यावर जमिनीवर तीन-चार इंच भाताचे तूस पसरावे. पावसाळ्यात ते दर दोन-तीन दिवसांनी हलवावे, आणि मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा होऊ लागला तर ओला भाग काढून कोरडे तूस घालावे. काढलेले तूस शेणखताबरोबर कुजवले की माडांना आणि भाजीला उत्तम खत होते. अंगणातल्या खुराड्याखालच्या कोरड्या जागेत चुलीतली राख आणि माती मिसळून ठेवावी. कोंबड्या तिथे लोळतात आणि त्यांच्या अंगावरच्या उवा कमी होतात.

नवीन कोंबड्यांना पहिले चार-पाच दिवस खाद्य-पाण्यासकट खुराड्यातच कोंडावे. त्यानंतर अंगणाचे भोक उघडले, तरी दिवेलागणीला त्या आपणहून काठीवर परततात. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचून घेतलेले पक्षीच आत घ्यावेत आणि बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी. दरवर्षी एप्रिलमध्ये काठ्या काढून उन्हात टाकाव्यात, खाचांना चुना लावावा, जाळीचे सांधे हाताने ओढून पाहावेत आणि खांबांच्या बुडाशी वाळवीची माती चढली आहे का, ते तपासावे.